बोटीतले सहा द्वारपाल

रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीला लागलेल्या मासेमारी बोटीच्या इंजिनाजवळ पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर दिसतो. त्यात तयार होणारी वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते. बॅटरीला मात्र एकाच दिशेची वीज लागते. उलटी वीज आली तर भरलेली बॅटरी रिकामी व्हायची. म्हणून अल्टरनेटरच्या पोटात साधारण सहा डायोड बसवलेले असतात. सुलट वीज पुढे सोडायची, उलटी अडवायची, एवढंच त्यांचं काम. बोट चालवणाऱ्या तांडेलाला त्यांची आठवण होते ती बॅटरी चार्ज होईनाशी झाली की.

रत्नागिरीच्या खाड्यांकाठी खारभूमीच्या बांधांना उघाडी असते, ती पाहिली आहे का? भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा तिची झडप मिटते. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून खाडीत निघून जातं. डायोडही असाच, फक्त त्यात हलणारं काहीच नाही.

मग अडवतं कोण? सिलिकॉनच्या तुकड्याच्या एका भागात किंचित फॉस्फरस मिसळतात, तिथे मोकळे इलेक्ट्रॉन जास्त होतात. दुसऱ्या भागात बोरॉन मिसळतात, तिथे इलेक्ट्रॉनसाठी रिकाम्या जागा तयार होतात. दोन्ही भाग भेटतात तिथे काही इलेक्ट्रॉन त्या जागा भरतात आणि सांध्यावर वीज वाहून नेणारं कुणीच न उरलेला पातळ पट्टा तयार होतो. बॅटरीचं धन टोक बोरॉनच्या बाजूला जोडलं की हा पट्टा आक्रसतो आणि सुमारे 0.7 व्होल्टला वीज वाहू लागते. उलटं जोडलं की पट्टा रुंदावतो, वाट बंद. पण सहनशक्तीला मर्यादा असते: दुकानात सहज मिळणारा 1एन4007 हा काळा डायोड 1000 व्होल्टपर्यंतचा उलटा दाब सोसतो. त्याच्या एका टोकाला रुपेरी पट्टी असते. वीज त्या टोकातून बाहेर पडते.

गंमत म्हणजे बोटीच्या बॅटरीच्या वायरी चुकून उलट्या जोडल्या तर हेच सहा डायोड एकदम ‘सुलट’ होतात. वाट सताड उघडते, प्रचंड वीज धावते आणि ते जळतात.

घरातली 230 व्होल्टची वीज सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते. मोबाइलच्या चार्जरमध्ये चार डायोड तिला वळणावर आणतात. मला मात्र डायोडचं सगळ्यात देखणं काम रेडिओतलं वाटतं. आकाशवाणी रत्नागिरीचं प्रसारण मध्यम लहरींवर, 1143 किलोहर्ट्झवर ऐकलं जायचं. लांब तार, तांब्याच्या तारेचं वेटोळं, जर्मेनियमचा एक डायोड आणि हेडफोन एवढ्यावर असं केंद्र बॅटरीशिवाय ऐकता येतं! लहरीचे वरचे आणि खालचे भाग सारखेच असतात, त्यांची बेरीज शून्य. डायोड त्यातला एक भाग कापतो आणि उरलेल्यातून आवाज निघतो. इथे जर्मेनियम लागतं, कारण ते सुमारे 0.3 व्होल्टलाच वाट देतं. हवेतून आलेली वीज अगदी क्षीण असते. हेच काम गॅलेना या खनिजाकडून करून घेणाऱ्या जगदीशचंद्र बोसांना 1904 मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं होतं.

आता बोटीवरचे दिवे. एलईडी हाही डायोडच. सांध्यावर इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत पडताना ऊर्जा सोडतात. सिलिकॉनमध्ये तिची बहुतेक उष्णताच होते, गॅलियमच्या काही संयुगांत तिचा प्रकाश होतो. निळा प्रकाश देणाऱ्या डायोडने शास्त्रज्ञांना फार झुलवलं. तो जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. निळ्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप चढवला की पांढरा दिवा तयार.

आणि याच दिव्यांवरून कोकणात भांडण पेटलं. रात्री समुद्रात झगझगीत एलईडी लावले की मासे उजेडाकडे धावतात आणि मोठ्या जाळ्यात एकगठ्ठा सापडतात. पारंपरिक मच्छीमार म्हणतात, आमच्या वाट्याला काय उरलं? केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. तरीही एलईडी लावणाऱ्या बोटी पकडल्याच्या बातम्या रत्नागिरीहून येत राहतात.