वितळलेल्या दगडांचा किल्ला

स्कॉटलंडच्या ईशान्येस, ॲबर्डीनशर परगण्यातील इन्श गावाजवळ, डनिडीअर नावाची शंकूसारखी टेकडी आहे. उंची २६८ मीटर. म्हणजे आपल्या गडांच्या मानाने बुटकीच. माथ्यावर मध्ययुगीन किल्ल्याच्या बुरूजवजा वाड्याची एकच भिंत उरली असून तीत खिडकीच्या जागी मोठे भगदाड आहे. हा वाडा इ. स. १२६० च्या सुमाराचा. इतिहास एवढाच असता तर भौतिकीच्या माणसाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नव्हते. पण भिंतीतले काही दगड काचेसारखे चकचकीत व एकमेकांत विरघळून घट्ट झालेले आहेत! गवंड्यांनी ते माथ्यावरच्याच एका पडक्या तटातून उचलले. तो तट लोहयुगातला, वाड्याहून सुमारे दीड हजार वर्षांनी जुना.

अशा तटांचे वर्णन १७७७ साली जॉन विल्यम्स यांनी प्रसिद्ध केले. कोणी ते ज्वालामुखीचे काम मानले. दगड वितळायला किती उष्णता लागते? शुद्ध सिलिकेला सुमारे १७०० अंश सेल्सिअस. परंतु दगडात सोडा, पोटॅश, चुना यांची संयुगे असली की ती अभिवाहाचे काम करतात आणि ८५० ते ११०० अंशांच्या दरम्यानच दगड वितळू लागतो. काच करणारे कारागीर हीच युक्ती वापरतात.

एवढे तापमान लाकडाने गाठता येईल? १९३७ साली गॉर्डन चाइल्ड व वॉलेस थॉर्नीक्रॉफ्ट यांनी १२ फूट लांब, ६ फूट रुंद व ६ फूट उंच भिंत रचली. आत आडवी लाकडे आणि बेसाल्टचे तुकडे (सह्याद्रीचा काळा दगड तोच!) भरले, भोवती काटक्यांचा ढीग रचून पेटवला. बेसाल्ट वितळला. उघड्या शेकोटीची उष्णता चहूकडे निघून जाते. इथे लाकूड भिंतीच्या पोटात जळते, वारा फटींतून आत शिरतो आणि भोवतालचा दगड उष्णता कोंडून धरतो. भट्टीच ती!

मग तट मजबूत करण्यासाठी तो भाजला असेल का? मला तसे वाटत नाही. आतले लाकूड जळाले की तट खचतो. शिवाय धावपळीच्या हल्ल्यात इतके सरपण रचून तासन्‌तास जाळ राखणे अवघड. जिंकणाऱ्यांनी सावकाश, दूरवरच्या गावांनाही ज्वाळा दिसाव्यात म्हणून तो जाळला असावा, हेच मला अधिक पटते.