गाणं बोटीतून आलं की कॅसेटमधून?

संशोधनाचा आराखडा लिहिताना एक वाक्य सहज उतरतं: ‘परदेशी गेलेल्यांनी परंपरा मूळ रूपात जपली.’ ऐकायला छान, पण हे गृहीतक आहे की निष्कर्ष? क्रोएशियातल्या ‘क्लापा’ गायनावरून बघू.

क्लापा म्हणजे मित्रांचा कंपू. डाल्मेशिया या ॲड्रियाटिक किनारपट्टीवरचं हे समूहगायन, बहुधा वाद्यांशिवाय. गायक अर्धवर्तुळात खेटून उभे राहतात. पहिला टेनर सुरुवात करतो. मग बाकीचे टेनर, बॅरिटोन आणि बास म्हणजे खर्जातले आवाज त्याला मिळतात. कुणा एकाचा आवाज उठून दिसणं अपेक्षित नाही, सगळे एकजीव व्हायला हवेत.

पूर्वी हे पुरुषांचं, कानाने शिकलेलं, गप्पांच्या ओघातलं गाणं होतं. १९६७ मध्ये ओमिश गावात क्लापा महोत्सव सुरू झाला. मग मंच आला, परीक्षक आले, लिहून बांधलेल्या रचना आल्या. पुढे स्त्रियांचे क्लापाही वाढले. २०१२ मध्ये युनेस्कोने क्लापाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आता स्थलांतर. १९व्या शतकाच्या अखेरीपासून गरिबी आणि द्राक्षबागांवरची फिलॉक्सेरा कीड यांमुळे डाल्मेशियातले लोक चिली, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे निघाले. न्यूझीलंडमध्ये कित्येकांनी कौरी झाडाचा डिंक जमिनीतून खणून पोट भरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी लोक गेले.

इथेच खरी मेख आहे. पहिल्या महायुद्धाआधी गेलेली पिढी ओमिशच्या महोत्सवापेक्षा निदान अर्धशतक जुनी. त्यांचे पणतू आज महोत्सवी थाटात गात असतील, तर तो थाट पणजोबांच्या ट्रंकेतून आलेला नाही. तो नंतर रेकॉर्ड, कॅसेट, गावच्या फेऱ्या किंवा नव्याने आलेले लोक यांच्यामार्फत पोहोचला असणार. उलट, एखादं गाणं मायदेशातल्यापेक्षा वेगळं वाटलं, तर ते जुनं असेल किंवा तिकडेच बदललेलं असेल. म्हणजे साम्य किंवा फरक, दोन्हींतून वय सिद्ध होत नाही.

मग करायचं काय? ‘परंपरा’ हे एकक सोडा, एकेक गाणं घ्या. कुणाकडून शिकलात, केव्हा, कशातून, हे विचारा. तुलना मायदेशातल्या आजच्या मंचाशी नको, जुन्या ध्वनिमुद्रणांशी करा. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर मायदेश हा ‘कंट्रोल’ नाही. तोही या काळात बदललाय.

तुमच्या आराखड्यात ‘मूळ रूप’ असा शब्द असेल, तर त्यापुढे एक प्रश्न लिहून ठेवा: कोणत्या वर्षीचं?