ठिगळाची पारख

मंडळी, संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या यादीला प्रोग्राम म्हणतात, हे आपण ऐकलेच असेल. त्यात चूक राहिली तर ती हुडकायला दुसरा प्रोग्राम लागतो. तो डिबगर. चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चालले आहे, ते तो दाखवतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला ‘जीडीबी’ हा असाच एक डिबगर.

आता खरी मेख पाहा. प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेची मोजायची रीत निराळी. सी भाषेत रांगेतले पहिले घर शून्याचे. १९५७ साली आलेल्या फोरट्रानमध्ये बहुधा एकपासून मोजणी. कोष्टकही सी आडव्या ओळींनी साठवते, फोरट्रान उभ्या रकान्यांनी. डिबगरला हे ठाऊक नसेल तर तिसऱ्या मुलाचे गुण विचारावेत आणि चौथ्याचे हाती यावेत! मग बिचारा प्रोग्रामर नसलेली चूक शोधत रात्र काढतो.

हे सुधारायला कोणी ठिगळ, म्हणजे पॅच, पाठवतो. काढलेल्या ओळीपुढे वजा, घातलेल्या ओळीपुढे अधिक. जाणकार तपासनीस मात्र नुसत्या ओळी वाचत नाही. फोरट्रानमध्ये मोजणी उणे दोनपासूनही सुरू करता येते. तिथे हे चालेल का? सी, पास्कल, रस्ट यांना धक्का तर लागत नाही ना?

अन् सोबत चाचणी आहे का? गुरुजी, पडताळ्यावाचून गणित बरोबर कसे म्हणायचे? ही चाचणी जुन्या डिबगरवर नापास व्हायला हवी, सुधारलेल्यावर पास. जुन्यावरही पास झाली, तर तिने दुरुस्ती पारखलीच नाही. मग पॅच परत, आणि पाठवणाऱ्याने पुन्हा बसायचे.