खुब्याचा एम.आर.आय. : आधी माहीत असतं तर!

गेल्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट. मंडळाच्या हळदीकुंकवाला निघायची आमची गडबड चालली होती. आमच्यापैकी एकाची आई आणि एकीच्या सासूबाई, वय वर्षं ७२, मुक्काम पोस्ट पुणे, या खेपेला मुद्दाम हिवाळ्यात शिकागोला आल्या होत्या. का, तर बर्फ बघायचा! तिळगुळाचा डबा घेऊन त्या गाडीकडे निघाल्या, ड्राइव्हवेवरच्या न दिसणाऱ्या बर्फावरून पाय सटकला आणि उजव्या कुशीवर पडल्या. डबा एकीकडे, आई एकीकडे. "अगं, काही नाही झालं, आधी तिळगूळ गोळा कर," हे त्यांचं पहिलं वाक्य.

जवळच्या अर्जंट केअरमध्ये नेलं. एक्स-रे झाला. "हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे," असं सांगून गोळ्या देऊन घरी पाठवलं. आम्हीही सुटकेचा निःश्वास टाकला. मग सुरू झाले आपले घरगुती उपचार : शेकणं, तेल लावणं आणि मुख्य म्हणजे उपदेश. "आई, झोपून राहिलात तर सांधा आखडेल. थोडं चाला." आई बिचाऱ्या भिंतीला धरून, ओठ दाबून चार पावलं टाकायच्या. तीन दिवस आम्ही त्यांना असं चालवलं. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

चौथ्या दिवशी मंडळातली एक मैत्रीण भेटायला आली. ती नर्स आहे. आईंना उठताना पाहून तिनं एकच विचारलं, "त्या पायावर भार टाकता येतोय का?" येत नव्हता. "मग एक्स-रे चांगला असला तरी आजच हॉस्पिटलमध्ये न्या आणि एम.आर.आय.बद्दल विचारा. आणि आता त्यांना एक पाऊलही चालवू नका."

एक्स-रेला न दिसलेलं

खुब्याचं हाड, म्हणजे मांडीच्या हाडाची मान आणि कंबरेच्या वाटीत बसणारा गोल माथा. उतारवयात हाडं ठिसूळ झालेली असतात आणि मानेला केसासारखी बारीक चीर गेली तर साध्या एक्स-रेत ती कधी कधी दिसतच नाही. एम.आर.आय.मध्ये मात्र हाडाच्या आतला मगज, तिथं आलेली सूज आणि रक्तस्राव दिसतो, म्हणून चीर पहिल्या दिवसापासून सापडते. चीर जागच्या जागी आहे तोवर काम सोपं असतं. त्याच पायावर चालत राहिलं आणि हाड सरकलं, तर माथ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग बऱ्याचदा सांधाच बदलावा लागतो.

पडल्याशिवायही खुब्याचा एम.आर.आय. सांगितला जातो. वाटीच्या कडेची मऊ कूर्चा फाटली असेल, स्नायूंचे बंध दुखावले असतील किंवा रक्तपुरवठा कमी पडून माथ्याचं हाड आतून मरू लागलं असेल (जास्त दिवस स्टिरॉइड घेतलेल्यांत किंवा जास्त मद्य घेणाऱ्यांत हे होऊ शकतं), तर ते या तपासात लवकर कळतं. दुखणं जांघेत असतं, कधी गुडघ्यात जाणवतं, आणि आपण गुडघ्यालाच मलम चोळत बसतो!

"हे अणूचं काही आहे का रे?"

आईंचा पहिला प्रश्न हा. उत्तर : नाही. या तंत्राच्या मूळ नावात 'न्यूक्लियर' हा शब्द होता, पण त्याचा संबंध शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्राशी. त्यात क्ष-किरण नाहीत, किरणोत्सर्ग नाही. असतं ते एक प्रचंड लोहचुंबक आणि रेडिओलहरी. माणसाच्या शरीराचा पहिला स्कॅन रेमंड डमाडियन यांच्या यंत्रानं १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये घेतला, त्याला जवळजवळ पाच तास लागले होते. आज खुब्याला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो.

भीती बाळगायची ती चुंबकाची. नेहमीचं १.५ टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट जोरकस असतं, आणि ते स्कॅन चालू नसतानाही ओढतच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि जीव गमावून बसला. जुलै २०२५ मध्ये इथं न्यूयॉर्कजवळ गळ्यात जड साखळी घालून आत शिरलेल्या एका गृहस्थांचं तसंच झालं. दोघंही पेशंट नव्हते! तेव्हा सोबत जाणाऱ्यांनीही बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

मंगळसूत्र, जोडवी आणि पुण्यातली फाईल

आत नेण्यापूर्वी एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतात. ती 'नो, नो, नो' करत भरू नका. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, कानातलं इम्प्लांट, स्टेंट, बदललेला गुडघा, हाडातले स्क्रू, सगळं सांगा. यातलं पुष्कळसं आजकाल चालतं, काही पेसमेकरही चालतात, पण कुठलं बसवलंय हे त्यांना कळायला हवं.

आईंना २०१६ साली पुण्यात स्टेंट घातलेला. त्याचं कार्ड? "कपाटात, वरच्या फळीवर, निळ्या फायलीत." इकडे सकाळचे अकरा, तिकडे रात्रीचे साडेदहा. धाकट्या दिरांना झोपेतून उठवलं, त्यांनी फाईल शोधून फोनवर फोटो पाठवला, आणि मग गाडी पुढं सरकली. तेव्हा मंडळी, आईवडिलांना इकडे बोलावताना लोणच्याच्या बरणीबरोबर ऑपरेशनचे कागदही आणायला सांगा. निदान फोटो तरी काढून ठेवा.

आपल्यापैकी ज्यांनी तरुणपणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लेथवर किंवा ग्राइंडरवर काम केलंय त्यांनी ते जरूर सांगावं. डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण वर्षानुवर्षं तिथं बसलेला असू शकतो, आणि चुंबकानं तो हलला तर डोळ्याला इजा होते. शंका असली तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. औषधाची चिकटपट्टी लावली असेल तर तेही सांगा, काहींच्या पाठीला धातूचा पत्रा असतो आणि त्यानं कातडी भाजते. साखर मोजायचा सेन्सर अंगावर असेल तर तो काढावा लागेल का, हे आदल्या दिवशीच विचारा.

आता दागिने. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण रेडिओलहरींनी तापू शकतं, आणि फासकीतली स्प्रिंग पोलादाची असते. पाटल्या, कुड्या, जोडवी, केसांतले आकडे, पदराची पिन, कवळी, कानाचं यंत्र, सगळं उतरवायचं. जरीच्या काठातही धातूची तार असते, म्हणून तिथला गाऊनच बरा. घट्ट बसलेली जोडवी घरीच साबण लावून काढा. आमची वीस मिनिटं त्यातच गेली.

मंगळसूत्रापाशी आई अडल्या. "बावन्न वर्षांत काढलं नाही, आणि तुझे बाबा तिकडे एकटे." आम्ही समजावत होतो आणि ती मैत्रीण हसत होती. तिनं पर्समधून हळकुंड बांधलेला सुती दोरा काढला! सकाळीच तयार करून आणला होता. तंत्रज्ञ मुलानं तो हातात घेऊन निरखला, मान डोलावली, आणि आई निमूट आडव्या झाल्या.

बोगद्यातला अर्धा तास

खुब्यासाठी पाठीवर झोपवतात आणि बऱ्याच ठिकाणी पायाकडून आत सरकवतात. डोकं आत जाणार की बाहेर राहणार, हे आधी विचारून ठेवा. कंबरेवर एक चपटी चौकट ठेवतात, पाय हलू नयेत म्हणून बांधतात. मग आवाज : ठकठक, घुर्र, ढमढम, शंभर डेसिबलच्या वर. कानात बोळे देतात, ते नीट बसवून घ्या. हातात एक रबरी फुगा असतो, दाबला की लगेच थांबवतात.

हललात तर चित्र पुसट येतं आणि पुन्हा काढावं लागतं. म्हणून आधी लघवीला जाऊन या, आणि दुखण्याची गोळी केव्हा घ्यायची ते विचारा. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी आत जाण्यापूर्वीच डोळे मिटावेत. फारच वाटत असेल तर डॉक्टरांना आधी सांगून गोळी घ्या, पण मग परत गाडी दुसऱ्यानं चालवायची. आईंनी रामरक्षा म्हटली. "पाच झाल्या, सहावी अर्ध्यावर होती तेव्हा बाहेर काढलं," हा त्यांचा हिशोब.

कधी गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देतात, किंवा कूर्चेची फाट बघायला थेट सांध्यात टोचतात. प्रत्येकाला ते लागत नाही. मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, पूर्वीची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. आईंना ते लागलं नाही.

भाषा, पैसा आणि रिपोर्ट

आईवडिलांचं इंग्रजी बेताचं असेल तर दुभाषा मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांनी तो फुकट द्यायचा असतो, आणि फोनवर मराठी माणूस मिळू शकतो. "माझा मुलगा सांगेल," असं म्हणणाऱ्या आया मुलासमोर सगळं दुखणं सांगत नाहीत! तातडीचं नसेल तर दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, हॉस्पिटल आणि स्वतंत्र इमेजिंग सेंटर यांत मोठा फरक पडतो. विम्याची पूर्वपरवानगी लागते का तेही बघा. विमा नसलेल्यांना खर्चाचा लेखी अंदाज मागण्याचा हक्क २०२२ पासून आहे.

तंत्रज्ञाला "काय दिसलं?" विचारू नका, तो सांगणार नाही. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात, आणि आजकाल तो डॉक्टरांच्या आधीच आपल्या फोनवर येऊन थडकतो. त्यातल्या मोठ्या शब्दांनी घाबरून जाऊ नका. पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या खुब्यातही कूर्चेची झीज किंवा फाट दिसू शकते. चित्रांची सीडी मात्र मागून घ्या, परत गेल्यावर तिकडच्या डॉक्टरांना उपयोगी पडते.

आईंच्या रिपोर्टात मांडीच्या हाडाच्या मानेत चीर होती. नशीब, सरकलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन स्क्रू घातले, संध्याकाळी वॉकर धरून उभं केलं. एप्रिलमध्ये त्या काठी टेकत स्वतः विमानात चढल्या. निघताना म्हणाल्या, "तुम्ही चाल म्हणालात म्हणून चालले रे. दुखत होतं, पण तुम्हाला सुट्टी काढावी लागली असती."

मंडळी, आपली माणसं दुखणं सांगत नाहीत. पडल्यावर पायावर भार टाकता येत नसेल तर एक्स-रेच्या कागदावर नाही, त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवा.