एका शिलिंगाचा प्रश्न

१८३९ सालच्या ६ जानेवारीच्या रात्री आयर्लंड देशावर एक भयंकर वादळ आले. घरांची गवती छपरे उडाली, जुनी झाडे मुळासकट कोसळली. सकाळ झाली तेव्हा कित्येक कुटुंबे उघड्यावर पडली होती. लोक पुढे त्या रात्रीला 'मोठ्या वाऱ्याची रात्र' असे म्हणू लागले. ज्यांनी ती रात्र पाहिली ते तिला जन्मभर विसरले नाहीत. आणि सत्तर वर्षांनंतर त्यांच्या या आठवणीचा एक विलक्षण उपयोग झाला.

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेस असलेले बेट. तेथे त्या काळी ब्रिटिशांचे राज्य होते. १९०८ साली ब्रिटिश पार्लमेंटने असा कायदा केला की, सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या गरीब स्त्रीपुरुषांस सरकारने दर आठवड्यास पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन द्यावे. १ जानेवारी १९०९ पासून हे पेन्शन मिळू लागले. परंतु एक अडचण उभी राहिली. वय सिद्ध कसे करावयाचे? आयर्लंडात सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ सालापासून होऊ लागली होती. त्यापूर्वी जन्मलेल्या माणसाजवळ दाखला कोठून असणार? तेव्हा अधिकारी म्हाताऱ्या माणसास विचारीत, "मोठ्या वाऱ्याची रात्र तुम्हांला आठवते काय?" ज्याला ती आठवते, तो सत्तरीचा धरावयास हरकत नाही! अशा वेळी खेड्यापाड्यांतील म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती एकाएकी तल्लख झाली असल्यास त्यांना कोण दोष देईल?

या पेन्शनची किंमत समजण्यासाठी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील खेडी डोळ्यांसमोर आणली पाहिजेत. तेथील जमीन खडकाळ आणि शेते लहान. बटाटे पिकवावे, दलदलीतील पीट कापून वाळवावे आणि थंडीत तेच चुलीत जाळावे, असा तेथील संसार. घरातील तरुण मुले अमेरिकेस किंवा इंग्लंडात पोट भरावयास जात आणि आईबाप मागे राहत. रोख पैसा फार थोड्या घरांत दिसे. पेन्शन सुरू झाले आणि पेन्शनाच्या दिवशी टपाल कचेरीतून परतणारी आजी घरात चहा, साखर आणि दिव्याचे तेल घेऊन येऊ लागली. आजवर जी घराला भार वाटत होती, तिच्याच हातात आता नाणी होती. १९१९ साली हे पेन्शन वाढून आठवड्यास दहा शिलिंग झाले.

त्याच वर्षी, २१ जानेवारी रोजी, आयर्लंडच्या इतिहासातील एक मोठी घटना घडली. निवडून आलेल्या राष्ट्रवादी प्रतिनिधींनी लंडनच्या पार्लमेंटात बसण्याचे नाकारले आणि डब्लिन शहरात स्वतःचीच सभा भरविली. आयरिश भाषेत सभेला 'डॉल' म्हणतात; तेथील प्रतिनिधिगृहाचे ते नाव आजही कायम आहे. या पहिल्या बैठकीत नव्या राष्ट्राचे सामाजिक ध्येय सांगणारा एक जाहीरनामा वाचण्यात आला. कोणतेही मूल अन्न, वस्त्र किंवा निवारा यांच्या अभावी उपाशी अथवा थंडीत कुडकुडत राहू नये, हे सरकारचे पहिले कर्तव्य होय, असे त्यात म्हटले होते. वृद्ध आणि दुबळी माणसे हा राष्ट्रावरील बोजा नसून राष्ट्राने त्यांचे ऋणी असले पाहिजे, असेही त्यात होते. (पुढे १९३७ च्या आयरिश घटनेत सामाजिक धोरणाची काही तत्त्वे नमूद करण्यात आली. आपल्या भारतीय राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना त्या घटनेवरूनच घेतलेली आहे.)

या जाहीरनाम्याचा मूळ मसुदा लिहिणारा गृहस्थ त्या सभेचा सभासदही नव्हता. त्याचे नाव टॉमस जॉन्सन.

जॉन्सन यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडातील लिव्हरपूल येथे झाला. बालवयातच त्यांची शाळा सुटली. एका आयरिश मासळी व्यापाऱ्याकडे ते नोकरीस लागले आणि त्या कामासाठी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदरांत राहू लागले. तेथील कोळी आणि मजूर यांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले व हा देश आपलासा केला. १९१२ साली स्थापन झालेल्या आयरिश मजूर पक्षाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. वाचन अफाट, वागणे सौम्य, आणि कायद्याची कलमे व हिशेबाचे आकडे चिकाटीने तपासण्याची सवय, अशी त्यांची ख्याती होती.

१९२२ साली आयर्लंडचा मोठा भाग स्वतंत्र कारभार पाहू लागला. परंतु ब्रिटनशी झालेला तह मान्य करावा की नाही, यावरून आयरिश लोकांतच यादवी युद्ध पेटले. ते १९२३ च्या मे महिन्यात थांबले. त्यानंतर झालेल्या निवडणुकीत डॉलच्या १५३ जागांपैकी सरकार पक्षास ६३ मिळाल्या. तहाच्या विरोधकांस ४४ मिळाल्या. परंतु सभागृहात बसण्यापूर्वी घ्यावयाच्या शपथेत ब्रिटिश राजाशी निष्ठेचा उल्लेख असल्यामुळे ते तेथे गेलेच नाहीत. त्यांची आसने रिकामी राहिली. मजूर पक्षाचे केवळ १४ सभासद होते. या चौदा जणांना घेऊन विरोधी पक्षाचे काम करण्याची जबाबदारी जॉन्सन यांच्यावर येऊन पडली.

विरोधी पक्षाचे काम म्हणजे नुसता आरडाओरडा नव्हे. विरोधी सभासदाच्या हाती खजिन्याच्या किल्ल्या नसतात. तो रस्ता बांधू शकत नाही की पेन्शन वाढवू शकत नाही. परंतु तो मंत्र्यास प्रश्न विचारू शकतो आणि मंत्र्यास त्याचे उत्तर द्यावे लागते. तो विधेयकास दुरुस्ती सुचवितो व मतदानाची मागणी करतो. तेथे बोललेला शब्द लिहून घेतला जातो आणि छापला जातो. कोणी कोणत्या बाजूस मत दिले, हे नावानिशी नोंदले जाते. जॉन्सन यांच्याजवळ एवढीच साधने होती.

१९२४ साली अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइथ यांनी वृद्धांच्या पेन्शनमधून आठवड्यास एक शिलिंग कापावयाचे ठरविले. दहाचे नऊ होणार होते. शिवाय उत्पन्नाची अटही अधिक कडक होणार होती. सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. युद्धात पूल आणि रेल्वेमार्ग उद्ध्वस्त झाले होते, सैन्यावर अमाप खर्च झाला होता आणि नवे राष्ट्र कर्ज न बुडविता स्वतःच्या पायांवर उभे राहू शकते, हे जगाला दाखवावयाचे होते. शिक्षकांच्या पगारातही त्याआधी दहा टक्के कपात झालेली होती. पण त्याच दशकात प्राप्तिकराचा दर मात्र पौंडामागे पाच शिलिंगांवरून तीन शिलिंगांपर्यंत खाली आला. वीस शिलिंगांचा एक पौंड होतो, हे लक्षात घेतले म्हणजे कोणाचा भार हलका झाला आणि कोणाच्या हातातील नाणे गेले, हे कळून येईल.

मजूर पक्षाने या कपातीस कसून विरोध केला. वाद एका नाण्याचा दिसत होता. परंतु पाच वर्षांपूर्वी याच नावाच्या सभेने वृद्धांस काय वचन दिले होते, हा खरा प्रश्न होता. आणि त्या वचनाचा मसुदा करणारा माणूसच आता समोरच्या बाकावर उभा होता. मत घेण्यात आले. चौदा जणांचे बळ पुरे पडले नाही, आणि कपातीचा कायदा मंजूर झाला.

त्या वर्षीचा पावसाळी उन्हाळा पश्चिमेकडील खेड्यांना फार वाईट गेला. बटाट्याचे पीक बुडाले. पीट वाळलेच नाही, त्यामुळे हिवाळ्यात चूल पेटविण्याची पंचाईत झाली. शहरांत बेकारी वाढली. हे विषय मजूर पक्षाने डॉलमध्ये पुन्हापुन्हा मांडले. बेकारीवरील चर्चेत उद्योग व व्यापार मंत्री पॅट्रिक मॅकगिलिगन यांनी असे उद्गार काढले की, या देशात कदाचित काही लोकांना मरावे लागेल, उपासमारीनेही मरावे लागेल. १८४५ नंतरच्या दुष्काळात ज्या देशातील सुमारे दहा लाख माणसे मेली, त्या देशाच्या मंत्र्याने असे बोलावे, हे लोकांच्या मनाला फार लागले. विरोधकांनी तो विषय काढला नसता, तर मंत्र्याच्या मनातले कागदावर आलेच नसते. ते उद्गार अहवालात छापले गेले आणि आज शंभर वर्षांनंतरही कोणालाही वाचता येतात.

कापलेले शिलिंग लोक विसरले नाहीत. १९२७ च्या जून महिन्यातील निवडणुकीत मजूर पक्षाच्या जागा १४ वरून २२ झाल्या. ऑगस्टमध्ये तहाचे विरोधक अखेर डॉलमध्ये येऊन बसले. लगेच जॉन्सन यांनी सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. सरकार पडले असते, तर ते स्वतः सरकारचे प्रमुख व्हावयाचे होते. मतमोजणी झाली : ठरावाच्या बाजूने ७१, विरुद्ध ७१! स्लायगो येथील जॉन जिंक्स नावाचे एक सभासद ठरावाच्या बाजूने मत देतील अशी अपेक्षा होती; पण ते ऐन वेळी सभागृहात नव्हते. अध्यक्षांनी आपले निर्णायक मत सरकारच्या बाजूने टाकले आणि सरकार तरले. पुढच्याच महिन्यात पुन्हा निवडणूक झाली. त्यात मजूर पक्षाच्या जागा १३ वर आल्या, आणि जॉन्सन स्वतःच पराभूत झाले.

त्यानंतर त्यांनी १९३६ पर्यंत वरिष्ठ सभागृहात काम केले. १९६३ साली, नव्वदीत असताना, त्यांचे निधन झाले. सत्ता त्यांच्या हाती एक दिवसही आली नाही.

पेन्शनमधील कापलेले शिलिंग सरकारने १९२८ साली परत दिले. उत्पन्नाची कडक अटही १९३२ साली नव्या सरकारने सैल केली. टपाल कचेरीच्या खिडकीपाशी म्हाताऱ्यांच्या हातावर पुन्हा दहा शिलिंग पडू लागले, तेव्हा डॉलमधील जॉन्सन यांच्या जागेवर दुसराच कोणी बसला होता.