दूध ग्रॅममध्ये मोजावे की मिलिलिटरमध्ये?

महात्मा फुले मंडईत भाजी विकणाऱ्या एक आजी माझ्या पेशंट आहेत. हृदय कमजोर असल्याने त्यांना दिवसभरातील सर्व पातळ पदार्थ दीड लिटरच्या आत ठेवायला सांगितले होते. पुढच्या भेटीत मात्र पायांवर सूज होती आणि वजन दोन किलोने वाढलेले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, दूध मी गाळ्यावरच्या काट्यावर तोलून घेते. दोनशे ग्रॅम, वर थेंब नाही."

काट्याची चूक नव्हती. चूक दुसरीकडेच निघाली.

दुधाचा हिशेब

पाण्याचे १ मिली म्हणजे १ ग्रॅम. दुधातील प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार यांमुळे ते पाण्यापेक्षा किंचित जड असते. १ मिली दूध म्हणजे साधारण १.०३ ग्रॅम.

- १०० मिली = १०३ ग्रॅम
- २०० मिली = २०६ ग्रॅम
- २५० मिली = सुमारे २५८ ग्रॅम
- ५०० मिली = ५१५ ग्रॅम
- १ लिटर = १ किलो ३० ग्रॅम

मिलीचे ग्रॅम करताना १.०३ ने गुणा, ग्रॅमचे मिली करताना १.०३ ने भागा. गाय, म्हैस, टोन्ड, फुल क्रीम यांत फरक अगदी थोडा पडतो. खीर किंवा केक करताना हे तीन टक्के सोडून दिले तरी काही बिघडत नाही. आजींचे दोनशे ग्रॅम म्हणजे सुमारे १९४ मिली, म्हणजे दूध उलट कमीच होते.

मग चूक कुठे होते?

*वाटी :* आजी आमटी आणि ताकाची प्रत्येक वाटी १०० मिली धरत होत्या. प्रत्यक्षात त्यांच्या वाटीत १८० मिली मावत होते. तुमची वाटी तपासणे सोपे आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि वाटी पाण्याने भरा. जितके ग्रॅम दिसतील तितके मिली. चहाचा कप आणि पेलाही असाच मोजा.

*आटवलेले दूध :* एक लिटर दूध आटून अर्धा लिटर झाले की उडते ते फक्त पाणी. त्यामुळे एका वाटीतील दुग्धशर्करा, प्रथिने, पोटॅशियम जवळजवळ दुप्पट होतात. मधुमेह किंवा किडनीचा आजार असल्यास हिशेब आटवण्यापूर्वीच्या दुधाचा धरा.

*दूध पावडर :* १०० ग्रॅम पावडर म्हणजे १०० मिली दूध नव्हे. एक लिटर दुधासाठी साधारण १३० ग्रॅम होल मिल्क पावडर लागते. बाळाच्या पावडरीबाबत मात्र अंदाज अजिबात नको. पहिले सहा महिने आईचे दूधच उत्तम. डॉक्टरांनी पावडर सुचवली असेल, तर त्याच डब्यातला चमचा सपाट भरून, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच वापरा. आधी पाणी मोजा, मग पावडर घाला. दूध दाट झाले तर बाळाच्या शरीरातील पाणी कमी पडू शकते, पातळ झाले तर वजन वाढत नाही.

लक्षात ठेवा

पातळ पदार्थांवर मर्यादा स्वतःहून घालू नका आणि घातलेली मर्यादा स्वतःहून सैल करू नका. हृदयाच्या रुग्णांनी रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करावे. दोन-तीन दिवसांत ते दोन किलोने वाढले, सूज आली किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

आजींनी आता घरातली एक वाटी मोजून वेगळी ठेवली आहे. सूज उतरली आहे.