पेटीतला गांधार आणि तंबोऱ्यातला गांधार

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे: शुद्ध गांधार नेमका कुठे असतो? थोडंफार गाणं शिकलेला कुणीही म्हणेल, यात विचारायचं काय, पेटीवर बोट ठेवलं की वाजतो. पण तंबोरा नीट लावून शांत बसलो, तर खर्जाच्या तारेतूनही एक गांधार ऐकू येतो. तो कुणी लावलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. आणि गंमत अशी की हे दोन गांधार एक नाहीत.

थोडे आकडे घेऊ. मधला षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा धरू. तार छेडली की ती अख्खी कंप पावते, आणि त्याच वेळी तिचे दोन, तीन, चार, पाच समान भागही कंप पावत असतात. पाच भागांच्या कंपनातून येतो तो स्वयंभू गांधार. तो मधल्या सप्तकात आणला की भरतो 300. षड्जाशी त्याचं नातं 5:4, अगदी सोपं.

आता दुसरी वाट. षड्ज-पंचम हे नातं 3:2 आहे. सा वरून प, प वरून रे, रे वरून ध, ध वरून ग, असे चार पंचम चढू. 240 चे 360, मग 540, मग 810, मग 1215. दोन सप्तकं खाली उतरलो की हा गांधार येतो 303.75 वर. आणि आजच्या सर्वसाधारण पेटीतला गांधार असतो 302.4 च्या आसपास. म्हणजे नाव एक आणि गांधार तीन! 300 आणि 302.4 एकत्र वाजवले, तर दोन सेकंदांत साधारण पाच वेळा आवाज लाटेसारखा वरखाली होतो. ते कानाला कळतं, त्यासाठी पंडित असावं लागत नाही.

मग पेटी बनवणाऱ्यांनी असं का केलं? त्यांचा दोष नाही, अडचण गणितातच आहे. पंचमाने बारा वेळा चढत गेलो की आपण परत षड्जावर यायला हवं. पण बारा पंचम म्हणजे सुमारे 129.75 पट, आणि सात सप्तकं म्हणजे 128 पट. हे कधीच जुळणार नाही. कारण 3 ला 3 ने कितीही वेळा गुणलं तरी उत्तर विषम, आणि 2 ला 2 ने गुणलं की सम. दोघांची गाठ पडणं अशक्य. मग उरलेली फट कुठे लपवायची? युरोपने हळूहळू असा मार्ग स्वीकारला की सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे आणि चूक सगळ्यांत वाटून टाकायची. त्यामुळे कुठल्याही पट्टीला षड्ज मानता येतो. पांढरी एकमध्ये गाणारी बाई आणि काळी चारमध्ये गाणारे बुवा यांना तीच पेटी चालते, ती या सोयीमुळे. काही जण पेटीचे सूर घासून स्वयंभू गांधाराशी जुळवून घेतात. छान लागते, पण एका षड्जापुरती. पट्टी बदलली की फट पुन्हा उघडी.

आता नाट्यशास्त्राकडे वळू. भरताने सप्तकात बावीस श्रुती सांगितल्या, पण गुणोत्तरं दिली नाहीत. त्याने प्रयोग दिला. दोन सारख्या वीणा घ्या. एक तशीच ठेवा. दुसरीचा पंचम किंचित उतरवा, मग बाकीचे स्वर त्याला जुळवून उतरवा. असं चार वेळा करा. दुसऱ्या खेपेला तिचे गांधार-निषाद पहिलीच्या ऋषभ-धैवताला येऊन मिळतात, तिसऱ्या खेपेला ऋषभ-धैवत षड्ज-पंचमाला मिळतात. मिळाले की नाही, हे ठरवणार कान. पहिल्यांदा पंचम जेवढा उतरवला ती प्रमाणश्रुती. तिचं माप बरेच आधुनिक अभ्यासक 81:80 मानतात, आणि आपल्या 303.75 आणि 300 मधलं अंतर नेमकं तेवढंच आहे. प्रमाण म्हणजे माप. आणि दर्शनशास्त्रात प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन. इथे ते साधन प्रत्यक्ष आहे, म्हणजे ऐकणं.

विसाव्या शतकात हा प्रश्न महाराष्ट्रात पुन्हा पेटला. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं, त्यांची गुणोत्तरं मांडली. ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यानेही तोच धागा पुढे नेला, आणि बावीस श्रुतींची पेटी तयार झाली. म्हणजे पेटीचं दुखणं आणखी पट्ट्या घालून बरं करायचं! दुसऱ्या टोकाला आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदीच घातली, ती सुमारे तीस वर्षं टिकली.

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरूनच ठेवली होती: श्रुती म्हणजे ठरलेला बिंदू. ते खरं आहे का? दरबारीतला कोमल गांधार आठवा. तो आंदोलित आहे, एका जागी उभा राहतच नाही. जयराजभॉय आणि स्टोन यांनी 1963 साली प्रत्यक्ष गायन-वादनातले स्वर मोजले, तेव्हा एकाच कलाकाराचा एकच स्वर एकाच मैफलीत थोडा सरकलेला आढळला. याचा अर्थ ‘काहीही चालतं’ असा नव्हे. गायक तंबोऱ्याकडे, रागाकडे, आधीच्या स्वराकडे बघून जागा ठरवतो. बावीस पट्ट्या दिल्या तरी हे ठरवण्याचं काम पेटी करणार नाही.

म्हणून पेटी चांगली की वाईट, हा वाद आपण सोडून देऊ. नाट्यसंगीताला तिने आणि ऑर्गनने जो भरणा दिला, तो कोण नाकारेल? काळजी वेगळी आहे. आज अनेक मुलं पहिला ‘सारेग’ पेटीच्या पट्टीवरच ऐकतात आणि तोच कायम मोजपट्टी होऊन बसतो. मग तंबोऱ्यातला गांधार त्यांना उतरलेला वाटतो! घरी करून बघा: आधी पाच मिनिटं तंबोरा ऐका, त्यातला गांधार गळ्याने धरा, आणि मगच पेटीची पट्टी दाबा. फरक कळला की पेटी खुशाल वाजवा. पुढच्या वेळी आपण जवारीकडे वळू. हा स्वयंभू गांधार इतका मोकळा ऐकू येतो, त्यात त्या दोऱ्याचा मोठा हात आहे.